नगरपरिषदेची वेबसाइट आणि बाईंचं लाल पेन

(दहावी १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं केलं आहे.)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तुझ्या कामाबद्दल पंधरा मिनिटं बोल.’ माझ्या आधी जो बोलला तो हृदयाच्या शस्त्रक्रिया करतो. माझ्यानंतर जी बोलणार आहे ती अमेरिकेत औषधांवर संशोधन करते. मधे मी. मी नगरपरिषदांच्या वेबसाइट करते. म्हणजे आधी करून विकायचे, आता नगरपरिषदेत नोकरीला असल्यामुळे विकत घेते. तुमच्यापैकी कितीजणांनी आपापल्या गावाच्या नगरपरिषदेची किंवा महापालिकेची वेबसाइट या वर्षात एकदा तरी उघडली? हात वर करा.

(इथे चार हात वर झाले. त्यातला एक माझ्या नवऱ्याचा होता.)

बरोबर. आणि उघडली नाही यात तुमची चूक नाही. उघडण्यासारखं तिथे काही नसतं. का नसतं, त्यातला माझा वाटा किती, एवढंच सांगणार आहे.

डिप्लोमा आणि पुढे इंजिनिअरिंग झाल्यावर मी कोल्हापुरात एका छोट्या कंपनीत लागले. २००३ साल. तेव्हा सगळ्यांना वेबसाइट हवी होती. पतसंस्थांना, साखर कारखान्यांना, मंगल कार्यालयांना आणि नगरपरिषदांना. नगरपरिषदेचं गिऱ्हाईक सोपं. तीन दरपत्रकं मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, सगळ्यात कमी दर त्याला कार्यादेश. तिन्ही दरपत्रकं बऱ्याचदा एकाच टेबलावर तयार व्हायची, हे इथे बसलेल्या लेखापरीक्षकांनी ऐकलं नाही असं समजते.

कार्यादेशात काय असायचं? ‘पंधरा पानांची आकर्षक वेबसाइट तयार करून देणे.’ बस. आकर्षक म्हणजे काय, तर वर नगराध्यक्षांचा फोटो, शेजारी उपनगराध्यक्षांचा, खाली मुख्याधिकाऱ्यांचा, मधून सरकणारी अक्षरं, ‘सुस्वागतम्’. मग गावाचा इतिहास, गॅझेटियरमधून उतरवलेला. फोटो गॅलरी. आणि कोपऱ्यात ‘आपण अमुक क्रमांकाचे अभ्यागत आहात’. तो आकडा मी शून्यापासून सुरू करायचे नाही. दहा हजारांपासून करायचे. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांना बरं वाटायचं.

चार गावांना आम्ही एकच साचा दिला होता. एका गावाच्या वेबसाइटवर ‘आमच्या शहरातून वाहणारी नदी’ म्हणून दुसऱ्याच गावाची नदी दीड वर्ष वाहत होती. कोणी तक्रार केली नाही. तेव्हा मला हसू आलं होतं. आता आठवलं की वाटतं, दीड वर्षात त्या गावातल्या एकाही माणसाने ते पान वाचलं नव्हतं, आणि त्याचे पैसे मात्र घरपट्टीतून गेले होते.

आणखी एक पाप सांगते, तांत्रिक आहे पण समजेल. नगरपरिषदेत सगळं टाइपिंग तेव्हा श्रीलिपी, आकृती असल्या फाँटांत व्हायचं. तो फाँट तुमच्या संगणकावर नसेल तर मराठीच्या जागी कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं दिसायची. खरं तर देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आयता आला होता. पण युनिकोडमध्ये टाइप करायला कारकुनांना शिकवायचं कोण? मग आम्ही सोपा उपाय काढला. मजकुराचा फोटो काढायचा आणि तो चिकटवायचा. दिसायला मराठी. पण शोधलं तर सापडणार नाही, मोबाइलवर मोठं करता येणार नाही, आणि ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तर कोरा कागद. या शेवटच्या मुद्द्याचा विचार मी केलाच नव्हता. तो आपल्या वर्गातल्या एकाने करायला लावला. तो मागे तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याच्याकडे येते.

पुढे परीक्षा देऊन मी सरकारी नोकरीत आले. संगणक अभियंता, नगरपरिषद. ‘ब’ वर्ग, म्हणजे चाळीस हजार ते एक लाख लोकवस्तीचं गाव. पहिल्याच आठवड्यात कळलं की तिथली वेबसाइट ज्या नावावर चालते ते नाव नगरपरिषदेचं नाहीच. जुन्या ठेकेदाराने ते स्वतःच्या नावे नोंदवलं होतं. त्याने धंदा बंद केला, नूतनीकरणाचे पैसे भरले नाहीत, नाव मोकळं झालं आणि कोणीतरी ते घेतलं. नागरिक नगरपरिषदेचा पत्ता टाकायचे आणि समोर ऑनलाइन रमी यायची. एक ज्येष्ठ नागरिक मला म्हणाले, ‘मॅडम, घरपट्टी भरायला गेलो तर तेरा पत्ते वाटले.’

आता मुख्य गोष्ट. ही बाईंच्या परवानगीने सांगते आहे. बाई म्हणजे आपल्या भूगोलाच्या बाई. त्या समोर बसल्या आहेत आणि मला शाळेतल्यासारखंच पोटात गोळा आल्यासारखं वाटतंय.

करोनाच्या आधीची गोष्ट. आमच्या नगरपरिषदेत चतुर्थ वार्षिक कर आकारणी झाली. म्हणजे दर चार वर्षांनी गावातल्या प्रत्येक मालमत्तेचा कर नव्याने ठरवतात. कायद्याप्रमाणे आधी प्राथमिक यादी प्रसिद्ध होते, ज्याला ती चुकीची वाटेल त्याने ठरलेल्या मुदतीत लेखी हरकत द्यायची, मग सुनावणी आणि मग अंतिम यादी. कर विभागातल्या लिपिकाने सही-शिक्क्याची जाहीर सूचना स्कॅन करून माझ्याकडे पाठवली. तोपर्यंत आम्ही नवी वेबसाइट केली होती, पण जुन्याच पद्धतीने. मी ती फाइल जशीच्या तशी चढवली. ‘इतर’ नावाच्या रकान्यात. फाइलचं नाव होतं ‘स्कॅन ००४७’. माझ्या टेबलावरचं काम झालं होतं. मी दुसऱ्या कामाला लागले.

बाईंचं घर त्या गावात आहे हे मला माहीत नव्हतं. निवृत्तीनंतर त्या मुलाकडे नाशिकला राहायला गेल्या होत्या, घर बंद होतं. आकारणीत ते भाड्याने दिलेलं दाखवलं गेलं, त्यामुळे कर बराच वाढला. घरोघरची नोटीस बंद दाराला चिकटवली होती, ती पावसात गेली. बाई शिस्तीच्या. गावात नाही म्हणून त्या दर पंधरा दिवसांनी नगरपरिषदेची वेबसाइट बघायच्या. ‘कर’ शब्द शोधायच्या. काही सापडायचं नाही. सापडणार कसं, सूचना म्हणजे एक फोटो होता आणि त्याचं नाव ‘स्कॅन ००४७’.

त्या आल्या तेव्हा मुदत संपून महिना झाला होता, अंतिम यादीसुद्धा झाली होती. कर विभागाने हात वर केले आणि ‘वेबसाइटवर टाकलं होतं, मॅडमना विचारा’ म्हणून माझ्याकडे पाठवलं. दारात त्या उभ्या. मी चटकन उठून उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं, नावाने हाक मारली, खुशाली विचारली, आई कशी आहे विचारलं. मग म्हणाल्या, ‘ही वेबसाइट तूच करतेस का गं?’

मी हो म्हणाले.

त्यांनी पिशवीतून कागद काढले. वेबसाइटची दहा-बारा पानं त्यांनी नातवाकडून छापून घेतली होती. आणि प्रत्येक पानावर लाल पेनाने खुणा होत्या. तुम्हाला त्या खुणा आठवत असतील, नकाशात कोकण चुकीच्या बाजूला दाखवलं की जशी गोल फुली यायची, तशा. जाहीर सूचनेत ‘हरकती विहित मुदतीत सादर कराव्यात’ असं होतं. ‘विहित’ खाली रेघ आणि समासात प्रश्न: ‘किती दिवस? कोणत्या तारखेपर्यंत?’ ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे’ याच्या शेजारी: ‘म्हणजे कोण? कोणत्या खोलीत?’ संपर्क पानावरच्या दूरध्वनी क्रमांकाला फुली: ‘लागत नाही. तीनदा केला.’ नदीच्या फोटोखाली: ‘ही नदी नव्हे, हा तलाव आहे.’ आणि पहिल्या पानावर, नगराध्यक्षांच्या फोटोच्या वर: ‘मला हे नको होतं.’

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, ‘तू ठेव हे कागद.’ त्यांचं काम मात्र झालं नाही. या वयात नाशिकहून अपिलाच्या फेऱ्या मारणं त्यांना जमलं नाही. पुढची आकारणी होईपर्यंत तो जास्तीचा कर त्या भरत राहिल्या.

ते कागद अजून माझ्या कपाटात आहेत. नंतरच्या निविदेचा पाया तेच आहेत.

मी सुटी असली की विचार करायचे, चूक नेमकी कुठे झाली? लिपिकाची नाही, त्याने सूचना वेळेत दिली. ठेकेदाराचीही नाही, त्याने कार्यादेशातली पंधरा पानं दिली. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत, त्या आम्ही टाकल्या होत्या. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे सेवांची यादी, अधिकारी, मुदत हेही टाकलं होतं. स्कॅन करून. तपासणीला आलेल्या पथकाने सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या होत्या. कागदावर आम्ही पास होतो.

चूक खरेदीत होती. आपण वेबसाइट विकत घेतो ती शाळेसाठी बाक घेतल्यासारखी. इतके नग, इतका दर, माल पोचला, बिल काढा. बाक एकदा आला की वीस वर्षं बाकच राहतो, वर करकटकाने नावं कोरली तरी. वेबसाइट दुसऱ्या दिवसापासून शिळी होते. तिला पाणीपुरवठ्यासारखी रोजची माणसं लागतात. आणि आमच्या अंदाजपत्रकात बांधायला पैसे होते, चालवायला नव्हते.

याच सुमाराला आपल्या वर्गातली एक मैत्रीण सुटीवर आली होती, ती लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये राहते. तिला मी रडगाणं ऐकवलं. तिने मोबाइल काढला आणि तिच्या परिषदेची वेबसाइट दाखवली. फोटो नाही, सुस्वागतम् नाही. पोस्टकोड टाकला, घर निवडलं, की कचरा कोणत्या वारी नेणार ते समोर. मी म्हटलं, असल्याला केवढा खर्च येत असेल! मग आम्ही दोघींनी बसून शोधलं. क्रॉयडन आणि ब्रायटन अँड होव्ह या दोन परिषदांनी ठरवलं होतं की आपल्या दोघांची कामं सारखीच आहेत, मग वेबसाइट दोनदा का बांधायची? ड्रुपल नावाच्या, कोणालाही फुकट वापरता येणाऱ्या प्रणालीवर त्यांनी एक सामाईक साचा केला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढे अनेक परिषदा त्यात आल्या. एकीने सुधारणा केली की ती सगळ्यांना मिळते. मी चार गावांना एक साचा दिला तेव्हा मी तो चार वेळा विकला होता; यांनी तो वाटून घेतला. (त्याच क्रॉयडन परिषदेने २०२० मध्ये पैसे संपल्याची अधिकृत नोटीस काढली. तेव्हा वेबसाइट चांगली म्हणजे कारभार चांगला असं कोणी समजू नये.)

आपल्याकडेही असं काही आहे. एनआयसीने सरकारी कार्यालयांसाठी तयार वेबसाइट देणारी ‘एस थ्री वास’ नावाची व्यवस्था केली आहे, तिच्या नावातला एक ‘एस’ चक्क ‘सुगम्य’चा आहे. अनेक जिल्ह्यांच्या वेबसाइट त्यावर आहेत, म्हणूनच त्या एकसारख्या दिसतात. लोक नावं ठेवतात की सगळ्या सारख्याच. अहो, सारख्या असणं हाच तर फायदा आहे. पोस्टाची पेटी सगळीकडे लाल असते म्हणून कोणी तक्रार करतं का?

तर, नवी निविदा लिहायची वेळ आली तेव्हा मी आधी एक काम केलं. मुख्याधिकाऱ्यांना विचारून पंधरा दिवस नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीमागे, आवक-जावकच्या टेबलाशी जाऊन बसले. वही घेतली आणि खिडकीशी येणारा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो ते लिहीत गेले. आमच्या पंधरा पानांतल्या एकाही पानाबद्दल कोणी विचारलं नाही. इतिहास कोणालाच नको होता. ‘पाणी कधी येणार?’ ‘पोराचा जन्मदाखला पाहिजे.’ ‘वडील गेले, घराला आमचं नाव लावायचंय, काय काय कागद लागतील?’ ‘घरपट्टीचं बिल मिळालं नाही.’ ‘साहेब आहेत का?’ हेच पुन्हा पुन्हा. शेवटच्या प्रश्नाला वेबसाइट उत्तर देऊ शकत नाही, पण साहेब सोमवारी सुनावणीला जिल्ह्याला जातात एवढं तरी सांगू शकते. आणि जन्मदाखल्यासाठी २०२३ च्या ऑक्टोबरपासून गर्दी आणखी वाढली. कायदा बदलला. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत तोच दाखला पुरावा धरला जातो.

मग तिसऱ्या रांगेतला आपला मित्र. त्याची दृष्टी कॉलेजात असताना हळूहळू गेली, हे तुम्हाला माहीत आहे. तो बँकेत अधिकारी आहे, संगणकावर काम करतो. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर पडद्यावरचं वाचून दाखवतं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ते २००६ मध्ये सुरू केलं आणि ते फुकट आहे. त्याला म्हटलं, आमची वेबसाइट बघ. तो म्हणाला, ‘बघ काय, ऐक.’ त्याने आवाज मोठा केला. ‘ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक. लिंक, येथे क्लिक करा. लिंक, येथे क्लिक करा. ग्राफिक.’ दहा मिनिटं. सरकणाऱ्या अक्षरांपाशी तर ते अडकूनच बसलं. तो हसत होता. मी नाही. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २००९ मध्ये काढली, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर ही सोय द्यायचं बंधनच आहे. आमच्या जुन्या कार्यादेशातही शेवटी ‘मार्गदर्शक तत्त्वांचे पालन करणे’ अशी ओळ होती. पाळलं की नाही हे बघायचं कोणी, ते लिहिलेलं नव्हतं.

नव्या निविदेत मी ‘आकर्षक’ हा शब्द काढला. पानांची संख्या काढली. त्याऐवजी कामं लिहिली: नागरिकाला आपल्या भागात पाणी कधी येतं ते मोबाइलवर अर्ध्या मिनिटात कळलं पाहिजे. वारसाला नाव लावण्यासाठी लागणारे कागद, फी, मुदत आणि अर्ज कुठे द्यायचा, हे एका पानावर मिळालं पाहिजे. कर विभागातल्या लिपिकाला माझ्याकडे न येता स्वतःच्या टेबलावरून सूचना टाकता आली पाहिजे, आणि ती टाकताना ‘शेवटची तारीख’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. हा रकाना बाईंचा आहे. सही-शिक्क्याची प्रत हवी तर जोडा, पण मजकूर युनिकोडमध्ये हवाच. पत्ता gov.in चा आणि नगरपरिषदेच्याच नावे. सगळे पासवर्ड पाकिटात सीलबंद करून मुख्याधिकाऱ्यांच्या तिजोरीत. ठेकेदार बदलला तर सगळा मजकूर आणि प्रणाली आमच्या हातात. पैसे एकरकमी नाहीत, तीन वर्षं, तिमाहीला. आणि पहिला हप्ता काढण्याआधी पाच माणसांना आमच्यासमोर बसवून कामं करायला लावायची. एक पेन्शनर, एक अंगणवाडी सेविका, एक रिक्षावाले काका, एक कॉलेजचा मुलगा आणि आपला हा मित्र. पाचही जणांना जमलं तर बिल.

लेखापाल म्हणाले, ‘मॅडम, याची मोजमाप पुस्तिकेत नोंद कशी घ्यायची?’ विनोद नव्हता तो. त्यांना पुढे लेखापरीक्षणाला तोंड द्यायचं होतं. रस्त्याचे मीटर मोजता येतात, ‘रिक्षावाल्या काकांना सापडलं’ हे कशात मोजायचं? शेवटी आम्ही दोघांनी मिळून चाचणीचा एक तक्ता केला, काम, व्यक्ती, लागलेला वेळ, जमलं की नाही, खाली सह्या. त्यांनी तो मान्य केला. माझ्या मते त्या सबंध कामातला सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच, आणि तो एका लेखापालाच्या अडवणुकीतून तयार झाला.

सर्वसाधारण सभेत एक सदस्य म्हणाले, ‘एवढे पैसे कशाला? माझा पुण्याचा भाचा पाच हजारांत करून देतो.’ सभागृहात हशा. मुख्याधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, ‘भाचा तीन वर्षं रोज पाण्याची वेळ टाकेल का?’ ठराव झाला. पण पहिल्या वेळी दोनच निविदा आल्या, तीन हव्यात म्हणून फेरनिविदा काढावी लागली. माझ्या जुन्या कंपनीतल्या सहकाऱ्यांनी फोन करून सांगितलं, ‘तुझ्या अटी वाचून आम्ही भरलीच नाही. तू आमच्यातली होतीस ना?’ त्याचं वाईट वाटलं. त्यांना अटी जाचक वाटल्या यात नवल नाही; दुसरीकडे कुठेही अजून पंधरा पानंच मागतात.

पहिल्या चाचणीत पाचपैकी दोघांना जमलं नाही. पेन्शनर काकांना ‘सेवा’ या शब्दाखाली दाखले असतील हे लक्षातच आलं नाही. ते म्हणाले, ‘सेवा म्हणजे मला देवळातली वाटली.’ शब्द बदलून ‘दाखले व अर्ज’ केला. मित्राला घरपट्टी भरायच्या पानावर ती वेड्यावाकड्या अक्षरांची चित्रं ओळखायला सांगत होते. त्याला पर्याय द्यायला ठेकेदाराला सहा आठवडे लागले. तोवर हप्ता अडला, तो माझ्यावर चिडला, आणि खरं सांगायचं तर त्याचं घर त्या हप्त्यावर चालतं हे मला ठाऊक होतं. मी त्याच खुर्चीत सात-आठ वर्षं बसलेली आहे.

सगळं जमलं असं नाही. सभांची इतिवृत्तं अजून महिनोन्महिने उशिरा येतात, कारण ती पुढच्या सभेत कायम व्हावी लागतात आणि पुढची सभा लांबते. त्यावर कोणतंही सॉफ्टवेअर नाही. नगराध्यक्षांचा फोटो पहिल्या पानावरून काढायचा प्रयत्न मी केला, तो फसला. लहान करून घेतला, एवढंच. आणि भाषा. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे आमच्या हाडात आहे. जाहीर सूचना सोप्या मराठीत लिहिली तेव्हा विधी शाखेने कायद्याचा मूळ मजकूर खाली जसाच्या तसा ठेवायला लावला. ठेवला. वर चार ओळी साध्या: तुमच्या घराची नवी आकारणी इथे पाहा, चूक असेल तर अमुक तारखेपर्यंत लेखी हरकत द्या, कर विभाग, तळमजला, खोली क्रमांक इतका.

मागच्या आकारणीच्या वेळी, सूचना चढवायच्या आधी, मी त्या चार ओळी बाईंना नाशिकला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या. दोन तासांनी कागदाचा फोटो आला. त्यांनी छापून घेतल्या होत्या. ‘चूक असेल तर’ याच्या जागी लाल पेनाने ‘चूक वाटली तर’ केलं होतं. समासात लिहिलं होतं, ‘चूक आहे की नाही ते सुनावणीत ठरेल. आधी माणसाला विचारू तर दे.’ मी बदललं. त्या वेळी बाईंनी हरकत दिली, मुदतीत, आणि सुनावणीला स्वतः आल्या. घर बंद असल्याचे विजेच्या बिलांचे पुरावे घेऊन, तारीखवार लावलेले.

आता येत्या मार्चला तीन वर्षांचा करार संपतो आणि माझी बदलीही झाली आहे. निविदा पुन्हा निघेल. माझ्या जागी येणाऱ्याला मी फाइल दिली आहे, चाचणीचा तक्ता दिला आहे, पासवर्डचं पाकीट कुठे आहे ते दाखवलं आहे. तो ‘पंधरा पानांची आकर्षक’वर जाईल की नाही ते मला माहीत नाही. इथे आपल्यात दोन नगरसेवक आहेत, एक लेखापरीक्षक आहे, वेबसाइट करून विकणारे निदान तिघे आहेत. जेवणानंतर मी त्या खिडकीजवळ बसणार आहे. ज्यांना निविदेचा मसुदा हवा असेल त्यांनी घेऊन जा, पन्नास प्रती आणल्या आहेत. बाईंनी कालच वाचला. दोन ठिकाणी लाल खुणा आहेत, त्या तशाच छापल्या आहेत.